नाव, गाव, येण्याचं कारण

तुळजापुरात कुठल्याही लॉजच्या काउंटरवर एक लांबट नोंदवही असते. कापडी पाठीची, पट्टीनं रकाने आखलेली. नाव, गाव, कुठून आले, कुठं जाणार, सोबत किती माणसं, येण्याचं कारण, मोबाइल, सही. ‘येण्याचं कारण’ या रकान्यात पहिल्या माणसानं ‘दर्शन’ लिहिलेलं असतं आणि त्याखाली पान संपेपर्यंत ‘सदर, सदर, सदर’.

२०२५च्या श्रावणात मी अशाच एका काउंटरवर उभा होतो. मॅनेजरनं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “कार्डावर उस्मानाबाद हाय. वहीत काय लिहू?” मी म्हटलं, धाराशिव लिहा. त्यानं लिहिलं आणि मग मान वर केली, “जिल्ह्यातलेच की मग. खोली कशाला पायजे?” जवळच्या गावच्या माणसाला खोली देताना लॉजवाले जरा चाचपडतातच, लांबून आलेल्याला ते असले प्रश्न विचारत नाहीत. गाडी चुकली म्हणून सांगितलं, तेव्हा किल्ली मिळाली.

त्या रात्री हिशेब केला. वडिलांच्या टीसीवर ‘हैदराबाद स्टेट’ आहे, माझ्या जन्मदाखल्यावर ‘उस्मानाबाद’, मुलीच्या नव्या कागदांवर ‘धाराशिव’. घर तेच, दारातली चिंच तीच. आम्ही कुठंही गेलो नाही. सातव्या निजामाच्या, उस्मान अलीच्या नावावरून पडलेलं नाव २०२३ साली गेलं, २०२४च्या मे महिन्यात उच्च न्यायालयानंही नामांतरावर शिक्कामोर्तब केलं, आणि तीन पिढ्यांच्या कागदांवर एकाच गावाची तीन गावं झाली. आम्हाला हा गमतीचा विषय आहे. ज्याच्याकडं कुणी संशयानं पाहत नाही, त्याला कागदातल्या तफावतीची गंमत वाटते.

लॉजवर परदेशी पाहुणा उतरला, तर वहीशिवाय आणखी एक काम असतं. चोवीस तासांच्या आत ‘सी फॉर्म’ भरून पाठवायचा. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पोलिस अधीक्षकांच्या कार्यालयाकडं असतं. देश कोणाला आत घेतो आणि कोणाला नाही, हा मोठा विषय आमच्याकडं येतो तो असा, काउंटरवरच्या फॉर्मच्या रूपानं.

*

“हे घर आहे की धर्मशाळा?” हे वाक्य रात्री उशिरा घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलानं ऐकलेलं असतं. २०२५च्या २७ मार्चला गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत तेच सांगितलं, देश म्हणजे धर्मशाळा नव्हे. विधेयक होतं परदेशी नागरिक आणि त्यांच्या येण्याजाण्याविषयीचं. १९२०चा पासपोर्टविषयक कायदा, १९३९चा परदेशीयांच्या नोंदणीचा, १९४६चा परदेशी नागरिक कायदा आणि २००० सालचा, प्रवासी वाहून आणणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकणारा, हे चारही गुंडाळून एकच नवा कायदा केला गेला. ४ एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली, १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. जुन्यातलं एक कलम मात्र नव्यातही जसंच्या तसं उतरलं आहे: आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्यावर संशय आहे त्याचीच. १९ मे रोजी श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानंही धर्मशाळेचीच उपमा वापरली.

तुळजापूरच्या माणसाला ही उपमा जरा खटकते. धर्मशाळेत कुणीही यावं आणि कुणीही जावं, असं कधीच नव्हतं. तिथं पहिला प्रश्न नाव-गावाचाच असतो. भोपे, पाळीकर, उपाध्ये या पुजाऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उतरणारी कुळं ठरलेली आहेत. कोजागरीला सोलापूर आणि कर्नाटकातून लोक लोटतात, तेव्हा गल्लीबोळांत पाय ठेवायला जागा नसते, तरी कुठल्या गावचे भाविक कुणाच्या वाड्यात, हे त्या त्या पुजाऱ्याला माहीत असतं. नोंद ठेवणं आणि दार लावून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हल्ला झाला की आपण त्या एक करून टाकतो.

कायद्यावर सही होऊन १८ दिवस झाले आणि २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरण पठारावर २६ माणसं मारली गेली. त्यातले सहा महाराष्ट्राचे. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचा एक. नावं विचारून, धर्म विचारून मारल्याचं वाचलेल्या बायकामुलांनी सांगितलं. त्या आठवड्यात आमच्या चौकात चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नव्हता. मीही त्यात होतो, आणि माझाही आवाज चढलेला होता हे लपवण्यात अर्थ नाही.

हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रानं सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला, अटारीची चौकी बंद केली, सार्क व्हिसा योजनेखाली आलेल्यांना देश सोडायला ४८ तास दिले. २४ तारखेला जाहीर झालं की पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द. उपचारासाठी आलेल्यांना २९पर्यंत सवलत. पाकिस्तानी हिंदूंच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला धक्का लागणार नाही, असा खुलासाही आला. शहांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना फोन केले: तुमच्या राज्यात किती आहेत ते शोधा आणि पाठवा.

मग महाराष्ट्रात आकड्यांचा तमाशा झाला. राज्यात ५,०२३ पाकिस्तानी असल्याचं वर्तमानपत्रांत आलं. त्यातले १०७ जण सापडत नाहीत, हेही आलं. गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी साधारण ५ हजारांचा आकडा सांगितला: सुमारे ४ हजार दीर्घ मुदतीवर राहणारे, हजारेक थोड्या दिवसांसाठी आलेले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ठणकावून सांगितलं की कोणीही बेपत्ता नाही. चॅनेलवाल्यांनी १०७ हा आकडा तोवर इतक्यांदा दाखवला होता की आमच्या गल्लीतलं पोरगंही तो पाठ म्हणत होतं. ज्यांना शोधायचं ते नेमके किती, याचंच उत्तर तासातासाला बदलत होतं.

यात कमी बोलली गेलेली गोष्ट अशी, की त्या पाच हजारांतले जवळपास निम्मे, २,४५८, नागपुरात होते आणि अकराशेच्या वर ठाण्यात. नागपूरची जरीपटका आणि ठाण्यातलं उल्हासनगर या सिंध्यांच्या वस्त्या. सिंधमधून आलेली, तिथं राहणं जड झालं म्हणून इकडं आलेली माणसं. कित्येक जण वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीचा व्हिसा वाढवून घेत नागरिकत्वाची वाट पाहतात. नागरिकत्व कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्यांना वाट मोकळी केली, नियम निघाले ते थेट ११ मार्च २०२४ला. म्हणजे टीव्हीवर ‘महाराष्ट्रात पाच हजार पाकिस्तानी’ ही पट्टी ज्यांच्यामुळं लाल झाली होती, त्यातले बरेच जण पाकिस्तानातून पळून आलेले होते.

अटारीवर त्या आठवड्यात जे दिसलं ते सगळ्यांनी पाहिलं. आईचा पासपोर्ट भारतीय, लेकरांचा पाकिस्तानी. लेकरं जाऊ शकतात, आई नाही. सतरा वर्षं श्रीनगरात राहिलेला, अर्धांगानं खिळलेला एक म्हातारा सरहद्दीवर बसमध्येच गेला. सहा दिवसांत ७८६ पाकिस्तानी नागरिक अटारीतून बाहेर पडले. २८ जुलैला सैन्यानं ‘ऑपरेशन महादेव’मध्ये बैसरणच्या तिघा मारेकऱ्यांना गाठून मारलं, ते पाकिस्तानी होते, असं गृहमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी लोकसभेत सांगितलं. त्या तिघांच्या नावानं कुठल्या लॉजवर सी फॉर्म भरला गेला नव्हता.

*

मग व्हिसाची कडक तपासणी निरुपयोगी म्हणायची? तसंही नाही, आणि याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. २६/११चे दहा जण समुद्रातून आले, व्हिसाशिवाय, खिशात बनावट ओळखपत्रं घेऊन. पण त्यांच्यासाठी ताज आणि सीएसटी आधी पाहून ठेवणारा डेव्हिड हेडली राजरोस विमानानं आला होता. जन्मनाव दाऊद गिलानी. ते बदलून त्यानं अमेरिकी पासपोर्टवर नवं नाव घेतलं आणि २००६ साली शिकागोतल्या आपल्या वकिलातीतून व्यवसायाचा व्हिसा मिळवला. मुंबईत ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये त्यानं ऑफिस थाटलं. कशाचं? परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना इमिग्रेशनची कागदपत्रं करून देण्याचं! त्याचा शाळासोबती तहव्वुर राणा याच्या शिकागोतल्या कंपनीची ती शाखा म्हणवली जायची. या राणाला अमेरिकेतून भारतात आणलं गेलं ते १० एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या बरोबर बारा दिवस आधी.

हेडलीचं प्रकरण उघड झाल्यावर २००९च्या शेवटी सरकारनं नियम काढला की पर्यटक व्हिसावर आलेल्यानं परत गेल्यावर दोन महिने पुन्हा यायचं नाही. हेडली आला होता व्यवसायाच्या व्हिसावर, नियम बसला पर्यटकांवर. गोव्यात हिवाळे काढणारे म्हातारे इंग्रज आणि परदेशी पासपोर्ट घेतलेली आपलीच माणसं त्यात अडकली. २०१२त तो सैल करावा लागला. पाकिस्तान, बांगलादेश, चीन अशा काही देशांच्या लोकांसाठी राहिला. नोंद असलेला माणूस सापडतो, म्हणून नियम त्याच्यावर पहिला बसतो. सरकार कुठल्या पक्षाचं आहे, यानं यात फार फरक पडत नाही.

*

आता जरा मागं जाऊ, कारण या जिल्ह्याला सरहद्द नवी नाही. १९४८पर्यंत ती आमच्या उशाशी होती. अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. पलीकडं बार्शी आणि सोलापूर, इंग्रजीतली. मधे करोडगिरीचा नाका. इकडं हाली सिक्का, तिकडं कलदार रुपया. बार्शी लाइटची छोटी गाडी बार्शीहून येडशी, ढोकी, मुरूड करत लातूरला जायची, ती एका राज्यातून दुसऱ्यात शिरायची. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा जोर वाढला, गावं लुटली जाळली जाऊ लागली, तेव्हा माणसं बैलगाडीत भांडीकुंडी घालून रात्रीतून सरहद्द ओलांडून बार्शी भागात गेली. नात्यातल्या नात्यात, कोसा-दोन कोसांवर, आमची माणसं निर्वासित झाली होती. स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्पही त्याच सरहद्दीवर होते. सरहद्द ओलांडणारा अतिरेकी की स्वातंत्र्यसैनिक, हे तुम्ही नाक्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरायचं.

रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा, आणि लातूर १९८२पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. बाहेरून आलेला हल्लेखोर नव्हे, जिल्ह्याच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहणारा माणूस. १३ सप्टेंबर १९४८ला जनरल चौधरींच्या फौजा सोलापूरकडून आत शिरल्या. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी त्यांनी हातात घेतला. १७ तारखेला निजाम शरण आला. तो दिवस आम्ही दरवर्षी झेंडा लावून साजरा करतो, करायलाच हवा.

त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, हे मात्र झेंड्याच्या भाषणात येत नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबरात ते गावोगाव फिरले. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे त्यांनी चार सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. पूर्ण संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. मारले गेलेले मुख्यतः मुसलमान. रझाकारांनी आधी केलेले अत्याचारही त्या अहवालात आहेत. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. रझाकारात न गेलेला शेजारी आणि गेलेला शेजारी यांत फरक करायला त्या दिवसांत कुणी थांबलं नाही.

आणि तेव्हाही ‘परदेशी कोण’ हा प्रश्न आलाच. निजामाकडं आणि जमीनदारांकडं पिढ्यान्‌पिढ्या चाकरीला असलेले अरब, रोहिले, पठाण यांना बाहेर धाडायचं ठरलं. त्यातल्या कित्येकांचा जन्म इथला, बायको इथली, बोली इथली. कुठं पाठवायचं? पलीकडचं कुणी घ्यायला तयार नव्हतं. प्रकरणं रेंगाळली. खुद्द रझवी मात्र तुरुंगात राहिला आणि १९५७ साली सुटला तो ४८ तासांत पाकिस्तानला जाण्याच्या अटीवर. गेला, आणि १९७०मध्ये कराचीत वारला. २०२५च्या एप्रिलमध्ये ‘४८ तास’ हे शब्द ऐकले तेव्हा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना कुणाची आठवण झाली असेल, ते वेगळं सांगायला नको.

भारतभर त्या काळी परमिटची पद्धत होती. १९ जुलै १९४८च्या वटहुकमानं पश्चिम पाकिस्तानातून परमिटशिवाय येणं बंद झालं, पुढं त्याचा कायदा झाला. तिकडं जाऊन परत येऊ पाहणाऱ्यानं परमिट मोडलं, तर सरकार त्याला उचलून पाठवू शकत होतं, मग तो भारतीय नागरिक का असेना. १९५४मध्ये मुंबई राज्याविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते कलम उडवलं. परमिट मोडलं तर शिक्षा करा. पण नागरिकाला देशाबाहेर फेकायचं आणि तेही सुनावणीशिवाय, हे चालणार नाही.

याच्या आधी, १९४९च्या ऑगस्टमध्ये, घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर तीन दिवस खडाजंगी झाली. मसुदा समितीला इतकी डोकेदुखी देणारं कलम क्वचितच असेल, असं बाबासाहेबांनी सुरुवातीलाच कबूल केलं. सर्वांत जोरात भांडले ते आपले विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख. आपण नागरिकत्व फार स्वस्त करतो आहोत, हा त्यांचा मुद्दा. मुंबईत विमान तासभर थांबलं आणि एखादी परदेशी बाई तिथं बाळंत झाली, तर ते मूल भारतीय कसं काय, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेल्या कोणत्याही हिंदूला वा शिखाला, तो कुठंही राहत असो, भारताचं नागरिकत्व मिळावं, अशी त्यांची दुरुस्ती होती. ती नामंजूर झाली. आज चॅनेलवर जी भांडणं होतात त्यांचे दोन्ही पक्ष त्या तीन दिवसांत हजर आहेत, फक्त बोलणं अधिक अभ्यासू आहे. पंजाबरावांना आपण कृषिमंत्री आणि शिक्षणमहर्षी म्हणून ओळखतो. हे भाषण त्यांच्या जयंतीला कुणी काढत नाही. त्यांच्या बाजूचेही नाहीत आणि विरुद्ध बाजूचेही नाहीत, याचं मला नवल वाटतं.

*

आता हा वाद जिल्ह्यात कुणाच्या दारात येतो, ते पाहू. आमच्याकडं पाकिस्तानी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. पण जन्मदाखला नसलेली माणसं हवी असतील, तर कळंब, वाशी, भूमच्या पारधी वस्त्यांवर चला.

२०२५ हे वर्ष जन्मदाखल्यांचंच गेलं. मालेगाव, अकोला, अमरावतीकडं बांगलादेशी आणि रोहिंग्यांना उशिरा नोंदीचे दाखले वाटले गेले, असा आरोप भाजपचे नेते किरीट सोमय्या यांनी लावून धरला. जानेवारीत राज्यानं विशेष तपास पथक नेमलं, तहसीलदारांमार्फत होणाऱ्या उशिराच्या नोंदी थांबवल्या. मार्चमध्ये नवे नियम आले: पुरावे हवेत, पोलिसांची चौकशी हवी, पुराव्याशिवाय अर्ज केला तर गुन्हा. पहलगामनंतर याला धार चढली. मीरा रोडवरून पकडलेले पश्चिम बंगालचे मजूर जूनमध्ये थेट बांगलादेशात ढकलले गेले आणि आपलेच नागरिक निघाले म्हणून परत आणावे लागले. १२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हाताशी आहे एवढ्यावर कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याचं म्हणून ते बरोबरच आहे. पण मग माझ्याकडं दुसरं काय आहे, हा विचार ज्याच्या मनात आला नाही असा माणूस विरळा.

खोटे दाखले विकले गेले असतील तर विकणाऱ्याला आत टाका, त्यात दुमत नाही. पण उशिराची नोंद लागते कोणाला, हे ग्रामसेवकाला विचारा. बाळंतपण कोपीत किंवा फडावर झालं, नोंद राहिली. आमच्याकडचे ऊसतोड कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेऊन सांगली, कोल्हापूर, बेळगावकडं निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मधल्या महिन्यांत जन्मलेल्या लेकराची नोंद कारखान्याच्या गावात व्हायला हवी. तिथं ‘तुमच्या गावाकडं करा’ म्हणतात, आणि गावाकडं ‘जन्म इथं झाला नाही’ म्हणतात. पुढं शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख टाकतात: १ जून. खेड्यापाड्यातल्या एका पिढीचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. आणि मग दाखला काढायला आधी कुठला कागद लागतो? ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’, म्हणजे तुमची नोंद आमच्याकडं नाही, याचा दाखला!

पारध्यांची गोष्ट आणखी उलटी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्यासारख्या जमातींवर शिक्का मारला. तेव्हा त्यांची नोंद ठेवायला सरकार केवढं उत्सुक होतं! हजेरी, बोटांचे ठसे, गाव सोडायला परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, हजेरीपट संपले. आता अनुसूचित जमातीचा दाखला हवा तर १९५०च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा आणा, असं त्यांना सांगितलं जातं. ज्यांना एका जागी राहू दिलं नाही, त्यांनी राहिल्याचा पुरावा आणायचा.

कागद शोधणं हा खेळ या जिल्ह्याला आता चांगलाच माहीत झाला आहे. २०२३च्या नोव्हेंबरात धाराशिव तालुक्यातल्या कारी गावापासून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याची सुरुवात झाली. या नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी तहसिलीतल्या खोल्या उघडल्या गेल्या, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, हैदराबादच्या दफ्तरापर्यंत माणसं पोचली. २०२५च्या २ सप्टेंबरला या दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेट आधार धरण्याचा निर्णय झाला तेव्हा गावोगाव गुलाल उधळला गेला. मराठ्यांच्या नोंदी शोधायला सरकार स्वतः दफ्तरात शिरलं, ते योग्यच झालं. पारधी वस्तीवरच्या बाईनं आपली नोंद स्वतः शोधून आणायची, नाही सापडली तर गुन्ह्याला तयार राहायचं. दोन्ही शोध एकाच तहसिलीत, एकाच वर्षात, कदाचित एकाच टेबलावर.

हा लेख संपादकांकडं पाठवायच्या बेतात होतो, तेवढ्यात २२ सप्टेंबरच्या सुमारास आभाळ फाटलं. सीना परांड्यात घुसली, भूम आणि कळंबातही पाणीच पाणी झालं, माणसं छपरांवर बसली, हेलिकॉप्टरनं उतरवावी लागली. पाणी ओसरल्यावर परांडा तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो. सोयाबीन काळं पडून कुजत होतं, गोठ्यात मेलेली जनावरं. एका घरासमोर लिंबाला दोरी बांधून तिच्यावर कागद वाळत घातले होते, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी. सातबारा, बँकेचं पासबुक, पोरीची टीसी, लग्नाचा एक फोटो. शिधापत्रिकेची पानं एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला होता. मी हात पुढं केला तसं ती बाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या दादा, आत्ता उचकटू नका. वलं हाय, नाव निघून येतंय.”